उंचीने लहान मुलीला टेबल टेनिस शिकवताना डेंग यापिंग कशी पाहायची

टेबल टेनिसचं टेबल जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच असतं. चीनची टेबल टेनिसपटू डेंग यापिंग हिची उंची १५० सेंटिमीटर. म्हणजे टेबल तिच्या निम्म्या उंचीच्याही वर येत होतं. टेबलाची रुंदी १५२.५ सेंटिमीटर, तीही तिच्या उंचीपेक्षा जास्त. या मुलीने ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं घेतली, जागतिक स्पर्धेची नऊ विजेतेपदं घेतली (एकेरीत ३, दुहेरीत ३, सांघिक ३), १९९० ते १९९७ अशी आठ वर्षं जागतिक क्रमवारीत पहिली राहिली आणि चोविसाव्या वर्षी निवृत्त झाली.

मी सांगलीत मुलींना टीटी शिकवते. हॉलमध्ये नवी मुलगी आली की आईवडील खेळाबद्दल कमी आणि उंचीबद्दल जास्त विचारतात. निवड चाचणीला गेलं की तिथेही मुलीच्या फोरहँडआधी तिच्या खांद्याची उंची बघणारी माणसं भेटतात. अशा मुलींच्या पालकांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. डेंगचं नाव प्रेरणा म्हणून भिंतीवर लावू नका. तिचे सामने अभ्यासाचं साहित्य म्हणून वापरा. तिच्या खेळात उंचीच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे आणि ते शिकवता येतं.

आधी तिची गोष्ट मुलीला सांगा, पण खरी

डेंगचा जन्म १९७३चा, हेनान प्रांतातल्या झेंगझौ शहरातला. वडील टेबल टेनिसचे प्रशिक्षक होते आणि पाचव्या वर्षापासून त्यांनीच तिला शिकवलं. पुढे हेनानच्या प्रांतिक संघाने तिला परत पाठवलं, कारण उंची कमी. ती झेंगझौच्या शहर संघात खेळू लागली आणि तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. तरीही राष्ट्रीय संघात घ्यायला खळखळ झालीच. महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झांग शिएलिन तिच्या बाजूने उभे राहिले आणि १९८८मध्ये ती संघात आली. पुढच्याच वर्षी डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत चिआओ होंगबरोबर तिने दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

झांग शिएलिन हे नाव मुद्दाम लक्षात ठेवा. साठच्या दशकात ते स्वतः लाँग पिंपल (लांब दाण्यांच्या) रबरने चॉप करणारे, म्हणजे चेंडू खाली कापून परतवणारे, खेळाडू होते आणि भल्याभल्यांना त्यांचा चेंडू कळत नसे. दुसऱ्याला जे विचित्र वाटतं ते हत्यार होऊ शकतं, हे ज्या माणसाने स्वतः जगून पाहिलं होतं, त्यालाच या ठेंगण्या मुलीत विजेती दिसली. तुमच्या मुलीसाठी प्रशिक्षक शोधताना हा निकष लावा. हॉलची चकाचक फरशी नंतर बघा. वेगळ्या शैलीचा खेळाडू त्या माणसाने आधी घडवला आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

तिच्या लहानपणाच्या हकिकतींत पायाला वाळूच्या पिशव्या बांधून सराव केल्याचं नेहमी येतं. ते ऐकून दहा वर्षांच्या मुलीच्या पायाला वजनं बांधू नका. वाढत्या वयातल्या गुडघ्यांना ते झेपत नाही, आणि वजन घेऊन पाय टाकण्याची लयही बिघडते. तिचे पाय जलद होते हे खरं. तेवढं घ्यायचं.

सामना लावण्यापूर्वी जुने नियम समजावून द्या

आजच्या मुलींना तिचा सामना दाखवला की त्या गोंधळतात. गेम २१ गुणांचा आहे, एकेक खेळाडू सलग पाच सर्व्हिस करतो, चेंडू ३८ मिलिमीटरचा आहे आणि सर्व्हिस करताना हाताने किंवा अंगाने चेंडू झाकला तरी अंपायर काही म्हणत नाही. चेंडू ४० मिलिमीटरचा झाला २०००मध्ये, गेम ११ गुणांचा आणि सर्व्हिस दोन-दोन झाल्या २००१मध्ये, झाकलेली सर्व्हिस बंद झाली २००२मध्ये. २०१४पासून चेंडू प्लास्टिकचा आला. लहान सेल्युलॉइडच्या चेंडूवर फिरकी जास्त चढायची आणि तो वेगही जास्त घ्यायचा, त्यामुळे डेंगच्या बॅटच्या दाणेदार रबरावरून (पिंपलवरून) परत येणारा चेंडूही आजच्यापेक्षा जास्त फसवा होता.

तिच्या सर्व्हिसची नक्कल करायला लावू नका, ती आज फाउल ठरेल. तिसरा चेंडू बघा, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावरचा तिचा पहिला फटका. तो आजही जसाच्या तसा कामाला येतो.

पाच सर्व्हिसच्या नियमाचा अभ्यासाला एक फायदा आहे. मुलीच्या हातात वही द्या आणि प्रत्येक पाचाच्या गटात डेंगने किती गुण घेतले ते लिहायला सांगा. तीन, चार, चार, दोन असं वहीत येत गेलं की पुढे काय बदललं हे ती आपणहून विचारते. नुसतं "बघ कशी खेळते" म्हणून टीव्हीसमोर बसवलं तर मुलं चेंडूच्या मागे मान फिरवतात आणि हाती काही लागत नाही.

कोणते सामने, कोणत्या क्रमाने

सुरुवात १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या एकेरीच्या अंतिम सामन्याने करा. समोर चीन-तैपेईची चेन जिंग, जी १९८८ला सोलमध्ये चीनकडून खेळून ऑलिंपिक विजेती झाली होती. डेंगने पहिले दोन गेम घेतले, चेनने पुढचे दोन, आणि पाचव्या गेममध्ये डेंगने तिला २१-५ असं उडवलं. आधी हा पाचवा गेम दाखवू नका. तिसरा आणि चौथा दाखवा, ज्यात ती हरते आहे. चेन डावखुरी आहे, तिचा चेंडू कुठे कुठे येतो आणि डेंगचे पाय कुठे अडकतात ते लिहून काढा. मग पाचवा लावा. मुलीला एकच प्रश्न विचारा: ती टेबलापासून आधीपेक्षा लांब उभी आहे की जवळ?

त्यानंतर १९९२च्या बार्सिलोनाचा अंतिम सामना. समोर चिआओ होंग, तिची दुहेरीतली जोडीदार, जिला तिचा प्रत्येक फटका ठाऊक आहे. तो डेंगने ३-१ असा जिंकला. ओळखीच्या खेळाडूविरुद्ध कसं खेळायचं हे इथे दिसतं, आणि आपल्या जिल्ह्यात त्याच त्या चार मुलींशी वर्षभर खेळणाऱ्या खेळाडूला याचीच गरज असते.

१९९७च्या मँचेस्टरचा, वांग नानविरुद्धचा सामना शेवटी ठेवा. तिथे तिने एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही विजेतेपदं घेतली. समोरची वांग नान पुढच्या पिढीची, डावखुरी. पुढची काही वर्षं तिचीच होती.

पाय पाहा, हात नंतर

पहिल्यांदा पाहताना पडद्याचा वरचा अर्धा भाग कागदाने झाका. खरंच झाका. फक्त टेबलाच्या खालचे पाय दिसू द्या. डेंग दोन फटक्यांच्या मध्ये स्थिर उभी राहत नाही, पावलं छोटी आणि सतत चालू असतात, आणि मागे गेलीच तर पुढच्या चेंडूला परत पुढे येते.

ती टेबलाला चिकटून का खेळते? टप्पा पडल्यावर चेंडू वर चढतो. जोरदार टॉपस्पिनचा (पुढच्या दिशेने फिरणारा) चेंडू पूर्ण चढू दिला तर उंच खेळाडूच्या छातीशी येतो आणि ठेंगण्या खेळाडूच्या खांद्याच्याही वर जातो. तिथून मारायला ताकद मिळत नाही. मागे सरून तो खाली येण्याची वाट पाहावी, तर दोन्ही बाजूंना झाकायची जागा वाढते आणि हात तर आखूड. म्हणजे मार्ग एकच उरतो: चेंडू चढत असतानाच, तो छातीपर्यंत पोहोचण्याआधी, तो घ्यायचा. यात समोरच्याचा वेळही कापला जातो. उंचीमुळे जी सक्ती झाली तीच तिची गती झाली.

हे शिकवायला मी हॉलमध्ये टेबलाच्या मागे जमिनीवर रंगीत टेप लावते. अंतर मुलीच्या स्वतःच्या हाताएवढं: टेबलाच्या कडेला बोटं टेकवून हात सरळ केला की खांदा जिथे येतो तिथे टेप. मल्टिबॉल (एकामागून एक चेंडू देत राहण्याचा सराव) चालू असताना मागचा पाय टेपच्या पलीकडे गेला की तो चेंडू मोजायचा नाही. चेंडू देताना फोरहँडच्या कोपऱ्यात रुंद एक, पोटावर एक, बॅकहँडला एक, असा क्रम ठेवा आणि पोटावरचा कधीही चुकवू नका. दोन बाजूंना दोन वेगळी रबरं असलेल्या खेळाडूची पहिली परीक्षा कोपराजवळच्या चेंडूवर होते. सुरुवातीला वेग कमी ठेवा. मुलगी टप्प्यानंतर लगेच चेंडू घेते आहे की वाट बघते आहे, ते आवाजावरून कळतं: टप्पा आणि फटका हे दोन आवाज जवळ-जवळ यायला हवेत.

दुहेरी भरपूर खेळवा. दुहेरीत एकाआड एक चेंडू मारावा लागतो, मारून बाजूला व्हावं लागतं आणि परत आत यावं लागतं. पायांसाठी यासारखा सराव नाही, आणि मुलींना त्यात मजाही येते. डेंगचं पहिलं जागतिक विजेतेपद दुहेरीतलंच होतं.

पिंपलचं रबर: कधी, का, कसं

डेंग शेकहँड पकडीने खेळायची. फोरहँडला फिरकी पकडणारं साधं गुळगुळीत रबर, बॅकहँडला लाँग पिंपल. लाँग पिंपल म्हटलं की आपल्याकडे लोकांना मागे उभं राहून चॉप करणारा खेळाडू आठवतो. तिने तेच रबर टेबलाजवळ उभं राहून ब्लॉक करायला, दाबायला आणि मारायला वापरलं.

या रबराचे दाणे लांब आणि मऊ असतात. चेंडू आदळला की ते वाकतात आणि घसरतात, चेंडूला घट्ट पकडत नाहीत. त्यामुळे समोरच्याने दिलेली फिरकी थांबत नाही, ती चेंडूबरोबर तशीच चालू राहते. चेंडूची दिशा मात्र उलटलेली असते. म्हणून समोरच्याने जोरात टॉपस्पिन दिला आणि तुम्ही नुसतं ब्लॉक केलं, तर त्याच्याकडे अंडरस्पिन (उलटी फिरकी) जातो. त्याने पुश (खालून हलकं कापून ढकललेला चेंडू) दिला आणि तुम्ही पुढे ढकललं, तर हलका टॉपस्पिन किंवा जवळजवळ कोरा (फिरकी नसलेला) चेंडू जातो. समोरच्याचं डोकं एक चेंडू मागे राहतं. त्याने ढिला किंवा वर उडालेला चेंडू दिला की फोरहँडने संपवायचा. डेंगच्या बहुतेक गुणांचा सांगाडा हाच: बॅकहँडने गोंधळ, फोरहँडने शेवट.

म्हणून माझं मत ठाम आहे. फोरहँडचा टॉपस्पिन पक्का झाल्याशिवाय पिंपल देऊ नका. घाईने दिलं तर मुलगी काही महिने स्थानिक स्पर्धा जिंकते, पालक खूश होतात, आणि फिरकी वाचणारी पहिली मुलगी भेटली की सगळं थांबतं, कारण गोंधळ उडवून आलेला सोपा चेंडू मारायला हातात काही नसतं. दोन्ही बाजूंना साधं रबर लावून पुश, ब्लॉक, काउंटर आधी नीट बसू द्या. मुलीला फिरकी स्वतःच्या हाताला कळली पाहिजे, तरच ती उलटल्यावर काय होतं ते समजेल.

रबर लावायचं ठरलं तर पातळ स्पंज असलेलं घ्या. स्पंज नसलेल्या रबरावर फिरकी सर्वांत जास्त उलटते, पण त्याने मारता येत नाही आणि मुलीला नुसतं अडवत बसायची सवय लागते. पहिल्या दिवशी चेंडू जाळ्यात आणि बाहेर जातील, जाऊ द्या. समोर उभं राहून सतत एकाच प्रकारचा टॉपस्पिन द्या आणि तिला फक्त बॅटचा कोन शोधू द्या. त्यानंतर पुशवर पुढे दाबायला शिकवा. मनगट मध्ये आणू नका, कोपरापासून सरळ पुढे. मारणं सगळ्यात शेवटी.

विकत घेताना पाकिटावरचं नाव आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यताप्राप्त रबरांच्या यादीत शोधा. १९९९पासून दाण्याच्या लांबी-जाडीच्या प्रमाणावर मर्यादा आली आणि २००८मध्ये अजिबात घर्षण नसलेली रबरं बाद झाली, त्यामुळे कुणाच्या कपाटातलं जुनं जादूचं रबर मुलीला देऊ नका. स्पर्धेत बॅट तपासली जाते आणि बारा वर्षांच्या मुलीला टेबलावर गेल्यावर हे कळणं फार वाईट.

हे रबर म्हणजे पळवाट आहे, असं कुणी म्हणालं तर आपल्या देशातलीच उदाहरणं द्या. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल घेऊन २०१८ला गोल्ड कोस्टमध्ये राष्ट्रकुल विजेती झाली. नैहाटीच्या सुतीर्था आणि अहिका मुखर्जी दोघींच्या बॅकहँडला वेगळं रबर. २०२३मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी चीनच्या चेन मंग आणि वांग यिदी यांना चीनमध्ये हरवलं आणि कांस्य आणलं. पुढच्या वर्षी बुसानला अहिकाने चीनच्या सुन यिंगशाला, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला, हरवलं. हे सामने मुलींना नक्की दाखवा, आजच्या चेंडूवरचे आहेत.

तिचे पराभव वगळू नका

विजेत्या खेळाडूचे हरलेले सामने कुणी दाखवत नाही. मी दाखवते, आणि शिकवायला तेच जास्त उपयोगी पडतात.

१९९१ला चिबा इथे ती एकेरीची जगज्जेती झाली, पण त्याच स्पर्धेत सांघिक अंतिम सामन्यात उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त संघाने चीनला ३-२ हरवलं आणि त्यात यू सुन-बोकने डेंगला हरवलं. १९९३ला गोटेनबर्गमध्ये ती सुरुवातीच्याच फेऱ्यांत जिंग जुनहोंगकडून हरली, जी चीनमध्ये जन्मलेली आणि सिंगापूरकडून खेळणारी. १९९४ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत जपानच्या चिरे कोयामाने तिला हरवलं. ही कोयामा म्हणजे पूर्वीची ‘हे झिली’ नावाची चिनी खेळाडू. १९८७ची जागतिक स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली होती, तिथली चीनची एकेरी विजेती. पुढे लग्न करून जपानला गेली आणि जपानकडून खेळली.

जिंग आणि कोयामा, दोघी चीनमध्ये घडलेल्या. लाँग पिंपलवरून येणारा चेंडू त्यांनी सरावात वर्षानुवर्षं पाहिलेला होता. माझ्या मते यातून दोन गोष्टी करायच्या. एक, हॉलमधल्या बाकीच्या मुलींना आपल्या मुलीच्या रबराची सवय होणारच, म्हणून तिची प्रगती हॉलमधल्या जय-पराजयावर मोजू नका. तिला कोल्हापूर, पुणे, ठाण्याच्या स्पर्धांना न्या, जिथे तिचा चेंडू कुणाला ओळखीचा नाही. दोन, सवय झालेल्या मैत्रिणींविरुद्ध जिंकायचा सरावही तेवढाच करून घ्या. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस पिंपलने फक्त जागा बदलायची, फिरकीवर गुण घ्यायचा नाही असा नियम ठेवा: एक आखूड, एक लांब, एक सरळ रेषेत. डेंगनेही हिरोशिमानंतर १९९५ला तिआनजिनमध्ये जगज्जेतेपद परत मिळवलं.

गुणांच्या मधल्या वेळेकडेही लक्ष द्या. डेंग गुण मिळाला की मूठ आवळून ओरडायची, अगदी पोटातून. लाजऱ्या मुलींना हे मुद्दाम दाखवते. आपल्याकडे मुलीने मोठ्याने ओरडलं की हॉलमधले चार जण वळून बघतात आणि ती पुढच्या वेळी गप्प होते. ओरडायला लावू नका, पण ओरडली तर कुणालाही तिला गप्प करू देऊ नका.

दहावी आली की

अभ्यास की खेळ, हा प्रश्न येतोच. डेंग निवृत्त झाली आणि त्सिंगहुआ विद्यापीठात इंग्रजी शिकायला गेली तेव्हा तिला इंग्रजीची मुळाक्षरंही धड लिहिता येत नव्हती. पुढे तिने इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅममधून पदव्युत्तर पदवी घेतली आणि २००८मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पालक हे ऐकून लगेच म्हणतात, मग आता खेळू दे, अभ्यास नंतर. तसं करू नका. तिच्यामागे एक अख्खी सरकारी क्रीडाव्यवस्था उभी होती, आपल्या मुलीमागे आपणच आहोत.

दहावीच्या वर्षात मी सराव बंद करू देत नाही, बदलते. मल्टिबॉल आणि फुटवर्क ठेवायचं, रोज पाऊण तास, टेपच्या आत. सर्व्हिसचा सराव घरी जेवणाच्या टेबलावरही होतो. स्पर्धा कमी करायच्या, पण डिसेंबरपर्यंत एखादी तरी खेळायची, म्हणजे परीक्षेनंतर परत येताना हात अनोळखी वाटत नाही. रबर मात्र या वर्षात बदलू नका. नवीन रबराची सवय लागायला जो वेळ लागतो तो त्या वर्षी मुलीकडे नसतो.